वर्मावर बोट : १९८८ची एक रात्र आणि जाणत्याची जबाबदारी



आयोजकांनी ‘संगणकातली घुसखोरी आणि व्यवसायाची नीती’ हा विषय दिला तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. आयुष्यभर आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. संगणक आमच्या टेबलावर आला तोवर आमचे केस पिकायला लागले होते, आणि आजही फोनवर काही अडलं की नातीला हाक मारावी लागते. मग आम्ही यावर काय बोलणार? पण विचार करता करता लक्षात आलं, की या विषयात यंत्राचा भाग थोडा आणि माणसाचा भाग मोठा आहे. एखाद्याला एखादी गोष्ट येते, भोवतालच्या शंभरजणांना ती येत नाही. त्या येण्याबरोबर त्याच्यावर नेमकी काय जबाबदारी येते? हा प्रश्न वैद्याच्या वाट्याला आला, वकिलाच्या आला, कुलपं बनवणाऱ्याच्याही आला. संगणकवाल्यांच्या वाट्याला तो फार थोड्या वर्षांत आणि फार मोठ्या प्रमाणावर आला, एवढाच फरक. म्हणून आज सिद्धान्त मांडण्याआधी आम्ही तुम्हाला एका रात्रीची हकीकत सांगणार आहोत.

तारीख २ नोव्हेंबर १९८८, वार बुधवार, देश अमेरिका. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे आजचं बाजारपेठेसारखं इंटरनेट नव्हे. त्यावर बँका नव्हत्या, दुकानं नव्हती, तिकिटं काढायची सोय नव्हती. विद्यापीठं, संशोधन संस्था, काही सरकारी आणि लष्करी प्रयोगशाळा, एवढंच जग. यंत्रं चालवणारी माणसं बऱ्याच वेळा एकमेकांना नावानं ओळखत. लहान गावात दुपारी दारं उघडी टाकून लोक शेतावर जातात ना, तसा प्रकार होता.

त्या संध्याकाळी एम.आय.टी.तल्या एका यंत्रावरून एक छोटा प्रोग्राम बाहेर पडला आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला लागला. रात्र चढत गेली तशी देशभरातली यंत्रं मंदावू लागली. देखरेख करणारे लोक पाहतात तो काय, आपण न सुरू केलेलं काहीतरी यंत्रावर चालू आहे. त्यांनी ते बंद केलं, तर थोड्या वेळानं ते पुन्हा हजर. सकाळपर्यंत कित्येक ठिकाणी लोकांनी शेवटचा उपाय केला आणि आपलं यंत्र जाळ्यापासून तोडून टाकलं. असल्या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणतात, म्हणजे किडा. आपल्या मराठीत ‘वर्म’ म्हणजे दुखरी, नाजूक जागा. हा नुसता योगायोग, पण अर्थपूर्ण योगायोग आहे. त्या किड्यानं खरोखरच सगळ्या व्यवस्थेच्या वर्मावर बोट ठेवलं.

हे त्यानं केलं कसं? आत शिरायच्या त्याच्याकडे चार वाटा होत्या. पहिली वाट अशी. ‘फिंगर’ नावाची एक सोय होती. दूरच्या यंत्रावर कोण काम करतंय हे त्यातून कळायचं. विचारलेला प्रश्न ठेवायला त्या प्रोग्रामात ५१२ अक्षरांची जागा राखलेली होती, पण येणारा मजकूर त्या जागेत मावतो का, हे कोणी तपासतच नव्हतं. किड्यानं ५३६ अक्षरं पाठवली. मापात न मावलेलं दूध ओट्यावर सांडतं, तसा उरलेला मजकूर शेजारच्या जागेत सांडला, आणि यंत्रानं त्यालाच हुकूम समजून पाळलं. दुसरी वाट ‘सेंडमेल’ या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रामाची. चाचणीच्या सोयीसाठी बनवणाऱ्यांनी त्यात एक मागचं दार ठेवलं होतं आणि ते बऱ्याच ठिकाणी उघडंच राहून गेलं होतं. तिसरी वाट विश्वासाची : एका यंत्रानं ‘हा आपला माणूस’ म्हटलं की शेजारचं यंत्र त्याला पासवर्ड न विचारता आत घेई. आणि चौथी वाट सरळ अंदाजाची. लोक स्वतःचं नावच पासवर्ड म्हणून ठेवतात, किंवा ते उलटं लिहितात. ते करून पाहायचं, नाही जमलं तर सोबत आणलेल्या ४३२ शब्दांच्या यादीतले शब्द एकामागून एक घालून बघायचे. श्रोत्यांपैकी काहीजण आता मनात हसले असतील. इतकी वर्षं उलटली तरी या बाबतीत माणूस फारसा सुधारलेला नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. या किड्यानं एकही फाइल पुसली नाही की कुणाचा मजकूर चोरून नेला नाही. तो फक्त पसरत राहिला. मग यंत्रं गुदमरली का? कर्त्यानं एक खबरदारी घेतली होती. यंत्रात शिरल्यावर किडा विचारायचा, ‘इथे आधीच कोणी आहे का?’ ‘हो’ असं उत्तर आलं की दोघांपैकी एकानं निघून जायचं. पण कर्त्याला शंका आली, की एखादा हुशार देखरेखवाला यंत्राला खोटंच ‘हो’ म्हणायला शिकवेल आणि किडा फसेल. म्हणून त्यानं ठरवलं, की सातातून एकदा ‘हो’ म्हटलं तरी तिथंच राहायचं. सातात एक म्हणजे थोडंच झालं, असं त्याला वाटलं. पण हा किडा एकेका दारावर इतक्या वेळा धडकत होता, की एकेका यंत्रात त्याच्या प्रतींची गर्दी झाली. गणित चुकलं होतं. ज्या देशव्यापी जाळ्यावर शेकडो लोकांची कामं चालू होती, त्यावरच ते गणित तपासलं गेलं.

कर्ता होता रॉबर्ट टॅपन मॉरिस. कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला नुकताच लागलेला मुलगा. तेविसाव्या वाढदिवसाला सहा दिवस बाकी. किडा कुठून आला ते कळू नये म्हणून त्यानं तो कॉर्नेलमधून न सोडता एम.आय.टी.च्या यंत्रावरून सोडला. प्रकरण हाताबाहेर गेल्याचं दिसल्यावर त्यानं हार्वर्डमधल्या एका मित्राशी बोलून, निनावी संदेश पाठवायची व्यवस्था केली. संदेशात किडा कसा थांबवायचा ते होतं. पण जाळं तुंबलेलं असल्यानं तो संदेश लोकांपर्यंत वेळेत पोचलाच नाही. आग लावणाऱ्यानंच बंबाला फोन केला, पण तारा त्या आगीतच जळाल्या होत्या.

किती यंत्रं बाधित झाली? सगळीकडे ६,००० हा आकडा छापलेला आढळतो. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. मॉरिसचे मित्र पॉल ग्रॅहम यांनी पुढे लिहिलं, की हा आकडा तयार झाला तेव्हा आपण तिथंच होतो : कोणीतरी म्हणालं, जाळ्यावर साठेक हजार यंत्रं असावीत, आणि दहा टक्क्यांना लागण झाली असावी. झाले सहा हजार! इतिहासाच्या अभ्यासकांनी एवढं ध्यानात ठेवावं, की पाठ झालेला आकडा मोजलेला असतोच असं नाही.

आता इथे थोडं मागे जाऊ, कारण ‘हॅकर’ हा शब्द समजून घेतल्याशिवाय या मुलाच्या मनात काय होतं ते कळणार नाही. आपल्या वर्तमानपत्रांत हॅकर म्हणजे चोर. पण हा शब्द जिथे रुजला त्या एम.आय.टी.त तो शिवी नव्हता. तिथल्या विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. रूळ, सिग्नल, जुने टेलिफोनचे सुटे भाग जोडून आगगाड्या चालवायच्या हा त्यांचा छंद. एखादी अडचण चतुराईनं, थोड्या वाकड्या वाटेनं सोडवली की त्याला ते ‘हॅक’ म्हणत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हीच मुलं संगणकाकडे वळली आणि शब्दही बरोबर घेऊन गेली. आपल्याकडे ‘जुगाड’ म्हणतात त्याच्या जवळपासची ही गोष्ट, फक्त तिच्यात सौंदर्यदृष्टीही होती. पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली या मंडळींवर पुस्तक लिहिलं आणि त्यांची नीती सूत्ररूपानं मांडली. यंत्र हाताळायला प्रत्येकाला मिळावं, माहिती मोकळी असावी, अधिकाराच्या खुर्चीवर विश्वास ठेवू नये, माणसाची पारख पदवीवरून नव्हे तर कामावरून करावी, असा तिचा मथितार्थ.

खरं सांगायचं तर ही नीती वाचताना आम्हाला आमच्या संतांची आठवण होते. ज्ञान कोंडून ठेवू नये, ते मोकळं करावं, हे आपल्याकडच्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. पण ज्ञान मोकळं करणं आणि दुसऱ्याच्या घरात शिरणं यांतली सीमारेषा पहिल्यापासूनच पुसट होती. १९६२ साली एम.आय.टी.तच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला यंत्रावर मिळणारे तास कमी पडायला लागले. त्यानं काय केलं, तर सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. अनेक वर्षांनी त्यानं स्वतःच हे हसत सांगितलं. त्या काळी ते हसण्यावारी जाण्यासारखंच होतं. सगळे एका इमारतीतले, नुकसान झालं तर एखाद्याचे दोन तास गेले.

वीस वर्षांत इमारतीचा देश झाला. १९८३ साली मिलवॉकी शहरातल्या काही पोरांनी फोनलाइनवरून लॉस अलामोसची प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्कमधलं एक कर्करोग रुग्णालय, अशा ठिकाणच्या यंत्रांत प्रवेश मिळवला. शहराच्या टेलिफोन क्रमांकावरून त्यांना ‘४१४’ म्हणत. त्यांच्यातल्या एकाची अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष झाली. त्यानंतर युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात याचा उल्लेख केला. ही मुलं साक्ष देताना आपण पाहिली, आपण काय केलं याचं गांभीर्य त्यांच्या गावीही नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्याचं दार उघडं होतं म्हणून आत शिरणं क्षम्य ठरत नाही. समाजानं संगणकातल्या घुसखोरीलाही तेवढीच लाज चिकटवली पाहिजे, असं ते म्हणाले. १९८६ साली अमेरिकेनं संगणक-गैरवापराचा कायदा केला. मॉरिस सापडला तो याच कायद्यात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे आम्ही हे उदाहरण निवडलं. मॉरिसचे वडील, त्यांचंही नाव रॉबर्ट मॉरिस, संगणक-सुरक्षेतले जुने जाणकार. लोक किती सोपे पासवर्ड ठेवतात आणि ते अंदाजानं कसे ओळखता येतात, यावर त्यांनी १९७९ साली याच केन टॉम्प्सन यांच्यासोबत निबंध लिहिला होता. मुलाच्या किड्याची चौथी वाट वडिलांच्या निबंधात होती! १९८८ साली तर वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक-सुरक्षेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. पण त्याहून बोलकं आहे ते मुलाचं स्वतःचं लेखन. १९८५ साली, वय वीसही पूर्ण नसताना, बेल प्रयोगशाळेत असताना त्यानं एक छोटा निबंध लिहिला. एक यंत्र दुसऱ्याचं सोंग घेऊन विश्वास कसा मिळवू शकतं, हे तेव्हाच्या युनिक्समधलं वैगुण्य त्यानं त्यात दाखवून दिलं होतं.

हे नीट लक्षात घ्या. मुलगा तोच, कुतूहल तेच, विषयही जवळजवळ तोच. १९८५ साली त्यानं वर्म शोधलं आणि कागदावर लिहून, खाली नाव घालून जाणकारांपुढे ठेवलं. तीन वर्षांनी त्यानं वर्म शोधलं आणि नाव लपवून, कोणालाही न विचारता त्यावर घाव घातला. म्हणून ‘कुतूहलाचा दोष’ हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. कुतूहल तर दोन्ही वेळा होतं. दुसऱ्या वेळी राहून गेलं ते सांगणं. कॉर्नेल विद्यापीठानं नेमलेल्या चौकशी समितीनंही हेच टिपलं : यानं कुठल्याही जबाबदार माणसाला आधी विश्वासात घेतलं नाही. फाइली नष्ट करण्याचा हेतू नव्हता, पण परिणामांकडे बेपर्वाईनं डोळेझाक केली, असा त्या समितीचा निष्कर्ष होता.

खटला सिराक्यूजच्या न्यायालयात चालला. बचाव असा, की आत शिरण्याचा हेतू असेल, पण नुकसान करण्याचा नव्हता, आणि कायद्यात ‘हेतुपुरस्सर’ असा शब्द आहे. आता हे क्रियाविशेषण वाक्यात कुठपर्यंत लागू होतं? फक्त ‘शिरणं’ या क्रियेला, की पुढच्या ‘नुकसान करणं’ यालाही? आमच्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हा वाद म्हणजे मेजवानीच. जानेवारी १९९० मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं, आणि मार्च १९९१ मध्ये अपील न्यायालयानं निर्णय कायम केला : हेतू शिरण्याचा असला की पुरे, नुकसानीचा वेगळा हेतू सिद्ध करायची गरज नाही. एकेका ठिकाणी निस्तरण्याचा खर्च २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरच्या वर गेला होता, असंही त्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. शिक्षा झाली ती तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची. तुरुंगवास नाही.

कायद्यानं आपलं काम केलं. नीतिशास्त्राचं काम तिथे सुरू होतं. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ या वाक्याला किती वजन द्यायचं?

अ‍ॅरिस्टॉटलनं अज्ञानाचे प्रकार केले आहेत. न कळता हातून घडलेलं एक, आणि कळून घ्यायला हवं होतं ते कळून न घेतल्यामुळे घडलेलं दुसरं. दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याला ‘मला शुद्ध नव्हती’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण शुद्ध घालवणं त्याच्याच हातात होतं. आपल्या परंपरेत तर यासाठी याहून नेमका शब्द आहे : प्रमाद. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं लक्षण सांगताना हाच शब्द मध्यभागी येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जागरूकतेचा अभाव. द्वेष नसला तरी बेसावधपणातून जीव गेला तर ती हिंसाच, आणि सावध राहूनही चुकून काही घडलं तर तिचं स्वरूप वेगळं. जैन साधू चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकतो ते याच विचारानं. मराठीत आपण ‘प्रमाद घडला’ म्हणजे नुसतं ‘चूक झाली’ असं म्हणतो, आणि शब्दातली ती जागरूकतेची मागणी विसरून जातो. मॉरिसच्या हातून घडला तो प्रमाद, मूळ अर्थानं. पुढची जमीन पाहण्याची दृष्टी त्याच्याकडे इतर कोणाहीपेक्षा जास्त होती आणि ती त्यानं वापरली नाही.

पण मग प्रमाद एकट्या त्याचाच का? हा प्रश्न विचारल्याशिवाय न्याय पुरा होत नाही. मजकुराची लांबी न तपासणारा प्रोग्राम कोणी लिहिला? मागचं दार उघडं ठेवून तो जगभर कोणी वाटला? ते दार उघडं आहे हे ठाऊक असूनही ‘बघू पुढे’ म्हणणारे किती असतील? त्या काळात काही लोक म्हणालेच, की या पोरानं उपकार केले, सगळ्यांना जागं केलं. पर्ड्यू विद्यापीठाचे युजीन स्पॅफर्ड यांनी यावर सडेतोड लिहिलं. दुबळेपणा दाखवून द्यायचा म्हणून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं समर्थनीय नाही, असं त्यांचं मत. अपवाद त्यांनी मान्य केला तो जिवावर बेतल्याचा : रुग्णाची माहिती यंत्रात आहे, ती तातडीनं हवी आहे आणि परवानगी देणारा सापडत नाही, अशा वेळचा. हा अपवाद ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

या रात्रीनंतर व्यवसाय खडबडून जागा झाला. त्याच नोव्हेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठात असल्या संकटांसाठी समन्वय केंद्र उभं करायचा निर्णय झाला. आज जगभर ‘सर्ट’ नावाच्या ज्या संस्था आहेत त्यांचं मूळ ते. जानेवारी १९८९ मध्ये इंटरनेटचा कारभार पाहणाऱ्या मंडळानं एक छोटं निवेदन काढलं. परवानगीविना प्रवेश अनैतिक, हे त्यात होतंच. पण साऱ्या जाळ्यावर प्रयोग करताना दाखवलेली बेफिकिरी बेजबाबदार आणि अमान्य आहे, हेही त्यात होतं. म्हणजे पुन्हा प्रमादच.

संगणकवाल्यांना नीतिनियम असावेत हा विचार त्याआधीचा आहे. डॉन पार्कर यांनी १९६८ सालीच त्यावर लेख लिहिला होता, आणि संगणकतज्ज्ञांची जुनी संघटना ए.सी.एम. हिनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आचारसंहिता केली होती. ती नव्यानं लिहिली गेली १९९२ साली. त्या संहितेतलं एक कलम, २.८ क्रमांकाचं, सांगतं : परवानगी असेल तेव्हाच यंत्रांचा वापर करा. साधं, सरळ, दारावरच्या पाटीसारखं. सव्वीस वर्षांनी, २०१८ साली संहिता पुन्हा लिहिली गेली. क्रमांक तोच, २.८. पण वाक्याला शेपूट जोडलं गेलं : परवानगी असेल तेव्हाच, किंवा लोकहितानं भाग पाडलं तर.

मित्रहो, या एवढ्याशा ‘किंवा’त सगळा इतिहास साठलेला आहे. व्यवसायानं कबूल केलं, की परवानगी हा नीतीचा पहिला शब्द आहे, शेवटचा नाही. स्पॅफर्ड यांचा रुग्णालयाचा अपवाद इथे आठवतो. अर्थात ही पळवाट होऊ नये म्हणून सोबत स्पष्टीकरण दिलं आहे : एखादी गोष्ट सगळ्यांना उघडी दिसते म्हणून तुम्हाला परवानगी आहे असं समजू नका, आणि अपवाद करावाच लागला तर इतरांना इजा होणार नाही याची पराकाष्ठेची काळजी घ्या. त्याच्यापुढचं कलम तर नवंच आहे. यंत्रणा भक्कम सुरक्षित बनवा, आणि सुरक्षा अशी ठेवा की सामान्य माणसाला ती वापरता येईल. म्हणजे दार ढकलणाऱ्याबरोबर कुलूप न लावणाऱ्यालाही संहितेनं उभं केलं.

एक उणीव मात्र राहतेच. डॉक्टर चुकला तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. संगणकाचा प्रोग्राम लिहायला कसलीच नोंदणी लागत नाही. ए.सी.एम. फार तर सभासदत्व काढून घेईल. तेव्हा ही संहिता पाळली जाते ती आतल्या लाजेवर. आणि मॉरिसचं पुढे काय झालं म्हणाल तर ते एम.आय.टी.त प्राध्यापक झाले, उत्तम संशोधक म्हणून नावाजले, आणि याच ए.सी.एम.नं त्यांना फेलो म्हणून सन्मानित केलं. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. चुकलेल्या पोराला समाजानं परत घेतलं, हे चांगलंच झालं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा झाला २००० साली. त्याच्या ६६व्या कलमाचं शीर्षकच ‘हॅकिंग’ असं होतं, आणि त्यात हेतूबरोबर जाणीवही धरली होती : नुकसान व्हावं हा हेतू असणं, किंवा नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असणं. २००८च्या दुरुस्तीत ‘हॅकिंग’ हा शब्द गेला, आणि ४३व्या कलमातली कृत्यं, म्हणजे परवानगीविना प्रवेश वगैरे, ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटानं’ केली तर गुन्हा, अशी रचना आली. प्रामाणिकपणे केली तर? तर ६६ लागू नाही, पण ४३खाली नुकसानभरपाईची टांगती तलवार आहेच. दोष शोधून सांगायला येणारा माणूस या फटीत उभा असतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. असा एक मुलगा आमच्यासमोर उभा राहिला होता, आणि तेवढं सांगून आम्ही आटोपतं घेतो.

निवृत्तीनंतर काही वर्षं आम्ही एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नीतिशास्त्राचा तास घ्यायला जात असू. एक दिवस तास संपल्यावर एक मुलगा थांबला. म्हणाला, “सर, एक दाखवू का?” एका शिक्षणसंस्थेच्या निकालाच्या पानावर त्याला आढळलं होतं, की पत्त्याच्या ओळीत आपल्या बैठक क्रमांकाच्या जागी दुसरा क्रमांक घातला की दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते. गुण, जन्मतारीख, आईचं नाव, फोन नंबर, सगळं. त्यानं विचारलं, “सर, त्यांना कळवू ना?”

ज्या माणसानं चाळीस वर्षं कांट आणि अ‍ॅरिस्टॉटल शिकवले, त्यानं काय सांगावं? आम्ही म्हणालो, “अरे, परीक्षा तोंडावर आली आहे. तूच शिरलास म्हणून तुझ्यावरच बालंट येईल. तू काही पाहिलंच नाहीस, असं समज.” आम्हाला त्याची काळजी होती, हे खरं. आमचा हेतू वाईट नव्हता!

तो गप्प बसला. पुढच्या सत्रात दुसऱ्याच कुणाला ती वाट सापडली, आणि मुलींचे फोन नंबर पोरांच्या हातोहाती फिरले. काही घरांत रात्री-बेरात्री फोन गेले. तो मुलगा नंतर जिन्यात भेटला. तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, “सर, मला माहीत होतं.” आम्ही काहीच बोललो नाही. त्याला माहीत होतं, आणि आम्हालाही माहीत होतं.

काय सांगायला हवं होतं, हे आज आम्हाला स्पष्ट दिसतं. एक, दोष आहे याची खात्री पटण्यापुरतंच पाहा, त्यापुढे एकही पान उघडू नकोस, काही उतरवून घेऊ नकोस. दोन, काय दिसलं, कधी दिसलं, हे त्या संस्थेला लेखी कळव, आणि दुरुस्तीला वाजवी वेळ दे. तोवर चारचौघांत बोलू नकोस. तीन, त्यांनी कानाडोळा केला तर ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४पासून आहे, तिच्याकडे जा. हे तिन्ही त्याला कदाचित आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. त्याला आमच्याकडून हवं होतं ते चौथं. मॉरिसनं १९८५ साली आपल्या शोधाखाली नाव घातलं आणि १९८८ साली लपवलं. या दोन वर्षांमध्ये एखादा वडीलधारा त्याच्याजवळ असता, ‘चल, आधी सांगून येऊ’ म्हणणारा, तर ती रात्र कदाचित आलीच नसती. जाणत्यावर जबाबदारी टाकताना त्याला एकटं टाकायचं नसतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

त्या मुलाच्या पत्राखाली, त्याच्या सहीशेजारी, आमची सही असायला हवी होती.

एवढं बोलून थांबतो.